बुटकी ठेवलेली मोरपंखी

रफूबाईच्या खिडकीखालच्या तीन मोरपंख्या वाढत नाहीत, हे गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला कचऱ्याची गाडी कधी येते याच्याही आधी कळायचं. कोणी ना कोणी त्याला फाटकापाशी आणून उभं करायचंच. झाडं होतीही बघण्यासारखी. कमरेच्या जरा खाली, गोल गरगरीत, पंख्यासारख्या चपट्या फांद्या एकीला एक चिकटून रचलेल्या, आणि प्रत्येक फांदीचं टोक पिवळंधमक. बारा महिने पान गळायचं नाही. तिन्ही एका उंचीची, जणू वरून फळी ठेवून दाबलीत.

"माझी मुलगी शाळेत होती तेव्हा लावलीत," रफूबाईचा नवरा पायरीवरून सांगायचा. "आता तिची मुलगी शाळेत जाते. उंची हीच. अस्सल बुटकी जात."

जात अस्सल नव्हती आणि बुटकी तर मुळीच नव्हती. ती मोरपंखी छपराला टेकेल अशा बेताची होती. ती छपराला टेकली नाही याचं एकमेव कारण आत खिडकीशी बसून परक्यांच्या कोटांची भोकं बुजवत होतं.

रफूबाई पदवीपर्यंत शिकलेली, इतिहास घेऊन. त्या इतिहासाचं पुढे काही झालं नाही. कामाला आलं ते मावशीने सुट्टीत शिकवलेलं रफू. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला आठवड्याचं गाठोडं आणून टाकायचा: सिगारेटने जळलेला सूट, कसरीने खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा उसवून काढायचा आणि उभ्या-आडव्या विणीत असा भरायचा की भोक कुठे होतं ते मालकाला बोट ठेवून दाखवता येऊ नये. केलेलं काम दिसलं, म्हणजे काम फसलं. या कामाला उजेड लागतो, तोही दिवसाचा आणि बाजूने येणारा. दिव्याखाली काळा धागा आणि गडद निळा धागा सख्खे भाऊ दिसतात. म्हणून पुढच्या खोलीतली गजांची खिडकी तिची. तिथे तिची खुर्ची, धाग्यांचा डबा, सुयांची उशी. त्या खिडकीखाली काय लावायचं ते मात्र तिला कोणी विचारलं नव्हतं.

नवरा तेव्हा वजनकाट्यावर कारकून होता. भरलेल्या ट्रकचं वजन लिहायचं, रिकाम्या ट्रकचं लिहायचं, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. माणूस सरळ, आणि सरळ माणसाला गंडवणं सोपं असतं. त्याने घेतलेला पाण्याचा पंप गळका निघाला होता, भिंतीवरचं घड्याळ स्वतःच्याच मर्जीने चालायचं, आणि रफूबाईचा भाऊ आला की या दोन वस्तूंची विचारपूस केल्याशिवाय जायचा नाही. त्यात त्याने एके दिवशी हातगाडीवर ही तीन रोपं आणली. रोपवाटिकावाल्याने सांगितलं होतं, सोनेरी, सदाहरित, आणि बुटकी. कितीही वर्षं ठेवा, खिडकीच्या वर जाणार नाहीत. भाऊ म्हणाला, दाजी, दोन वर्षांनी कुऱ्हाड घेऊन येतो.

दुसऱ्याच उन्हाळ्यात टोकं खिडकीच्या काठावर आली. रफूबाईच्या हातात राखाडी सूट होता, गुडघ्यावर जळलेला, आणि बरोबर कामाच्या जागेवर पानांची सावली नाचत होती. तिने गजांतून हात बाहेर घातला आणि आड येणारी टोकं दोन नखांत धरून खुडली. शेंगेचं देठ मोडावं तशी. मनात काही योजना नव्हती. उजेडापुरतं खुडलं, टोकं धाग्यांच्या कचऱ्यात टाकली, सूट पुरा केला. आठवड्याने पुन्हा खुडली. हळूहळू हात बसला. टोक अख्खं घेतलं तर सोनं जातं आणि नुसतं हिरवं उरतं, म्हणून अर्धंच घ्यायचं. आत तपकिरी लाकडापर्यंत जायचं नाही, कारण तिथे मोरपंखी पुन्हा फुटत नाही, भोक पडतं ते कायमचं. एका फांदीवर दोनदा लागोपाठ नाही. हे तिला कोणी शिकवलं नाही. बोटांना कापड कळतं तसंच झाड कळत गेलं.

पावसाळा सरला तेव्हा नवऱ्याने तिला हात धरून बाहेर नेलं. "बघ," तो म्हणाला. "वाढली का? बोटभर तरी वाढली का? काय म्हणत होता तुझा भाऊ?"

लग्न झाल्यापासून त्याचा असा चेहरा तिने पाहिला नव्हता. त्याला बढतीत दोनदा डावललं होतं, धाकटा भाऊ त्याच्यापुढे निघून गेला होता, आणि आता तीन झाडांनी त्याचं म्हणणं खरं केलं होतं.  सांगू नंतर, असं रफूबाईने ठरवलं. नंतर या एका शब्दावर किती संसार उभे आहेत ते मोजायला कोणी बसत नाही, हे बरंच आहे.

पुढे काय झालं असेल ते कोणत्याही बायकोने सांगावं. लोक झाडं बघायला येऊ लागले. ज्याला कामावर कोणी काही विचारलं नव्हतं त्याला लोक खत विचारू लागले, पाणी विचारू लागले, माती कुठली म्हणून विचारू लागले. त्याने फांद्या लावून रोपं केली आणि गल्लीत वाटली. गल्ली त्याला सोनेरीकाका म्हणू लागली. आणि वाटलेली रोपं, अर्थातच, वाढली. समोरच्या मास्तरीणबाईंची मोरपंखी गच्चीच्या कठड्याला भिडली. शाळेतून निवृत्त झालेल्या त्या बाई. पोरं सरळ केली होती, झाड काही सरळ होईना. त्या तक्रार घेऊन आल्या तर सोनेरीकाकांनी त्यांनाच धारेवर धरलं.

"तुम्ही लाडावलंत त्याला," तो म्हणाला. "पाणी बेताचं हवं. ठरल्या वेळी. झाडाला शिस्त लागते, बाई, ती मुळापासून लागते."

"पस्तीस वर्षं वर्ग सांभाळला मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला शिस्त शिकवा तुम्ही, काका."

आत खिडकीशी रफूबाई शालीवर इतकी वाकली की नाक लोकरीला लागलं. हसू दाबण्याचा तो शेवटचा प्रसंग. त्यानंतर हसू यायचं थांबलं, कारण आता तिची सुटका उरली नव्हती. एका घरातलं झाड वाढलं असतं तर एक माणूस खोटा पडला असता. आता गल्लीभर झाडं होती, आणि त्या सगळ्या झाडांनी सिद्ध केलं होतं की जादू सोनेरीकाकांच्या हाताची आहे.

तो कामावर जायचा तोवर निभत होतं. तो निवृत्त झाला आणि रफूबाईची खरी नोकरी सुरू झाली. नवरा दिवसभर घरात, त्यातला अर्धा वेळ पायरीवर, झाडांच्या शेजारी. ती त्याच्या आंघोळीवर टपून बसायची. आत बादली भरल्याचा आवाज आला की हात गजांबाहेर. खिडकीतून पुढची बाजू मिळायची. रस्त्याकडची बाजू कपडे वाळत घालताना, ओला टॉवेल झाडावर पसरायचा आणि टॉवेलाखाली खुडायचं. कोणी रस्त्यावरून हाक मारली तर म्हणायचं, चिमटा पडला. बोटांना राळेचा वास यायचा. तो विचारायचा, हा कसला वास, तर ती म्हणायची, सांध्यांना मलम लावलंय. पुढे सांधे खरंच दुखायला लागले आणि मलम खरंच आणावं लागलं, म्हणजे तेवढं खोटं तरी वळणावर आलं.

आणि ती कुठे जाईनाशी झाली. उन्हाळ्यात तर नाहीच, कारण मोरपंखीचा जोर उन्हाळ्यात. मुलगी बोलवायची, ये, महिनाभर राहा. रफूबाई जायची आणि आठवडा संपायच्या आत परत. मुलीला वाटायचं, आईला बाबांशिवाय करमत नाही. बाबांनाही तेच वाटायचं, आणि ते सगळ्यांना सांगायचे.

तिची एक मैत्रीण होती, कॉलेजातली. सगळे तिला वादळ म्हणायचे आणि ती त्या नावाला जागलेली. नवरा गेल्यावर तिने समुद्राकाठी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि दर वर्षी ती रफूबाईला उन्हाळ्याला बोलवायची. दर वर्षी रफूबाईकडे कारण असायचं. या वर्षी वादळाने फोनवर सुरुवातच वेगळी केली. घर विकलंय म्हणाली. गुडघे चढ चढू देत नाहीत, मुलाकडे जातेय. उन्हाळा माझा, पावसाळ्याआधी किल्ल्या द्यायच्यात. दोन महिने ये. रोज सकाळी वाळूवर चालू, दुपारी झोपू, कोणाला काही वाढायचं नाही.

रफूबाई म्हणाली, बघते.

"तू तीस वर्षं बघतेयस," वादळ म्हणाली. "तुला कोणी बांधून ठेवलंय का? नवऱ्याला हात नाहीत का पाय नाहीत?"

 मला झाडांनी बांधलंय, असं पदवीधर बाईने फोनवर कसं सांगायचं? ती म्हणाली, यांचं ते बागप्रेमी मंडळ येणार आहे. तेवढं मात्र खरं होतं. शहरातल्या बागप्रेमी मंडळाचे चिटणीस स्वतः येऊन गेले होते. ऐन उन्हाळ्यात मंडळाचे सभासद घरी येणार, झाडं बघणार, आणि सोनेरीकाका त्यांना झुडपं बुटकी राखण्याची आपली पद्धत समजावून सांगणार. नवरा तेव्हापासून आरशासमोर उभा राहून पद्धत समजावत होता.

 वादळ म्हणाली, यंदा नाही आलीस तर पुन्हा बोलवायला माझ्याकडे घर नाही. आणि फोन ठेवला.

रफूबाईने फोन ठेवला तेव्हा हातात सुई तशीच होती. तिला समुद्राचं काही एवढं वेड नव्हतं. तिला हवं होतं ते एवढंच, की एक उन्हाळा असा जावा ज्यात कोणी आंघोळीला गेलं काय आणि न गेलं काय, तिला कळूही नये. त्या रात्री जेवताना तिने सांगून टाकायचं ठरवलं. आता सांगितलं तर मंडळाला नाही म्हणायला वेळ आहे, असा तिचा हिशेब. सगळं सरळ होईल. तोही सरळच माणूस आहे.

"अहो, ती झाडं बुटकी नाहीत," ती म्हणाली.

"कुठली?"

"आपली. मी खुडते म्हणून तेवढी आहेत."

तो घास चावत राहिला. मग हसला. "तू खुडतेस."

"रोज. खिडकीतून."

"कशाने?"

तिने हात पुढे केला. अंगठ्याचं नख एका बाजूला झिजून तिरकं झालं होतं, त्याच्या कडेला पिवळसर डाग. त्याने हाताकडे पाहिलं. ट्रकवाल्याने खोटी चिठ्ठी पुढे केल्यावर तो असाच पाहत असणार. चष्मा वर केला, खाली केला, आणि ताटाकडे वळला. भात कालवत राहिला. तिला वाटलं, पचतंय त्याला, पचू द्यावं.

"एवढंही बघवत नाही का गं तुला माझं?" तो म्हणाला.

आवाज चढवला नव्हता त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. मंडळ येणार म्हटल्यावर घरच्या माणसालाच पोटात दुखावं, असं काहीसं तो स्वतःशी बोलला आणि ताट उचलून आत गेला. रफूबाई बसून राहिली. इतकी वर्षं तिला धास्ती होती की खरं कळल्यावर त्याचं काय होईल. खरं सांगूनही ते कळणारच नाही, ही शक्यता तिच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. कधीही उघडता येईल असं दार आहे म्हणून ती आत बसली होती, आणि ढकलून पाहिलं तर ती भिंत निघाली.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला. बादली भरायचा आवाज आला. रफूबाईचा हात आपोआप उठला. तिने तो परत मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

मोरपंखीला कोणी सांगितलं नव्हतं की ती बुटकी आहे. उन्हाळा तापू लागला तशी तिन्ही झाडांवर सोन्याची लव आली. नवरा खूश. यंदा रंग बघ, म्हणाला, मंडळाच्या नशिबाने. रफूबाई हो म्हणाली. मग लवेची बोटं झाली. गोल डोकी विस्कटली, टोकं वेडीवाकडी वर निघाली आणि खिडकीच्या काठावरून आत डोकावू लागली. तिच्या कामावर सावली येऊ लागली. तिने खुर्ची सरकवली, मग टेबल सरकवलं, मग दिवा लावला. त्या दिव्याखाली तिने एका गडद निळ्या कोटाच्या बाहीत काळा धागा भरला. लॉन्ड्रीवाला कोट परत घेऊन आला तेव्हा त्याने आवाज खाली केला होता, बाहेर कोणी ऐकू नये म्हणून. "बाई, हे तुमच्या हातचं?" असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कोट टेबलावर ठेवून गेला. तिने तो उसवला. उसवताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने दिव्यावर ढकललं.

नवऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण पाहायचं नसलं की माणसाला पुष्कळ वेळ लागतो. मग एका सकाळी तो पायरीवर न बसता झाडांसमोर उभा राहिला, हात मागे बांधून. पाणी बंद केलं. दुपारच्या उन्हात झाडांवर जुनी चादर टाकली. रोपवाटिकेत जाऊन आला. ती बंद होऊन जमाना झाला होता, तिथे टायरचं दुकान होतं. मास्तरीणबाई समोरून म्हणाल्या, काका, शिस्त जरा ढिली पडली का? त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. पायरीवर लोक आले की तो दारातच गाठून दुसरं काही काढायचा, हवापाण्याचं, राजकारणाचं. आरशासमोरचं भाषण बंद झालं. रात्री तो कुशीवर वळून पडायचा आणि झोपलेला नसायचा, हे तिला पाठीवरून कळायचं.

तिला विचारावं असं त्याला वाटलं नाही. आणि रफूबाईने तरी काय करायचं? मी सांगितलं होतं म्हणायचं? तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला. एकदा तो आंघोळीला असताना तिने गजांतून हात घातलाच. एक कोवळं टोक नखांत धरलं. दोन आठवड्यांचं काम चार दिवसांत उरकलं असतं, मंडळ येऊन टाळ्या वाजवून गेलं असतं, आणि मग पुढचा उन्हाळा, आणि त्याच्या पुढचा. तिने टोक सोडलं. ते झटकन वर उसळलं. सोडलं म्हणून ती काही मोकळी झाली नव्हती. सावली तिच्याच मांडीवर पडलेली होती. वादळाला अजून ना हो कळवलं होतं ना नाही. घरात तो असा, आणि ती पिशवी भरून समुद्रावर जाणार? तो झाडांत, ती त्याच्यात, असं ते गुंतलेलं होतं, आणि ओढायला टोक सापडत नव्हतं.

मंडळ यायला थोडे दिवस उरले तेव्हा ती नीट केलेला निळा कोट स्वतः द्यायला लॉन्ड्रीत गेली. एरवी तिथे गप्पांत तास जायचा. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. कोट ठेवला आणि परत फिरली. फाटकाशी आली आणि थांबली.

नवरा झाडांपुढे गुडघ्यांवर बसला होता. पाठ रस्त्याकडे. हातात तिची धाग्याची छोटी कात्री. एक टोक धरायचा, कापायचा, मागे सरून बघायचा, पुन्हा पुढे वाकायचा. कापलेली टोकं शर्टाच्या खिशात घालत होता. मधूनच मान वळवून समोरच्या घराच्या गच्चीकडे बघत होता, मास्तरीणबाई आहेत का म्हणून.

ती मुद्दाम फाटकाची कडी वाजवून आत आली. तो उठताना धडपडला.

"कीड लागलीये का ते बघत होतो," तो म्हणाला.

"लागलीये?"

"थोडी."

ती आत गेली आणि चहा ठेवला. कात्री संध्याकाळी तिच्या डब्यात परत आली होती, पुसून. त्यानंतर तो तिला सारखी कामं सांगू लागला. लॉन्ड्रीत जाऊन ये. धागे संपले असतील ना, बाजारात जा. मुलीकडे चक्कर टाक. ती दहा मिनिटांसाठी नळावर गेली तरी परत आल्यावर तो पायरीवर ताठ बसलेला आणि खिसा फुगलेला. रफूबाई ओळखून होती तो चेहरा. वर्षानुवर्षं तिने तो आतून वागवला होता. बाहेरून तो इतका केविलवाणा दिसतो हे तिला आत्ता कळत होतं.

आणि मग एका रात्री जेवताना, ताटावरून नजर न उचलता, तो म्हणाला, "तुझ्या त्या मैत्रिणीचं काय झालं? वादळाचं?"

"बोलावलंय. मी कळवलं नाही काही."

"मग जा ना. इतकं म्हणते तर जाऊन ये."

"मंडळ येतंय तुमचं."

"मंडळाला काय तू हवीस? मी आहे. उन्हाळा सरेपर्यंत राहा, चांगली राहा. मी चहा करतो, सगळं करतो."

इतक्या वर्षांत तो तिला कुठे जा म्हणाला नव्हता. आता म्हणाला आणि का म्हणाला ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही ताटाकडे बघत होती. रफूबाईला वाटलं होतं, सुटका झाली तर छातीवरचं काही उतरल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आपल्याला घराबाहेर घालवतायत असं वाटलं, आणि ते तर खरंच होतं. पण खरं काय आणि कोणाच्या सोयीचं काय, हे निवडत बसण्याइतके उन्हाळे आता तिच्याकडे नव्हते. ती उठली, हात धुतले आणि वादळाला फोन लावला.

निघायच्या दिवशी पिशवी त्याने उचलली. लग्नानंतर पहिल्यांदा. फाटकातून बाहेर पडताना रफूबाईने झाडांकडे एकदा पाहिलं. कात्रीने कापलेल्या जागी टोकं तांबडी पडत होती. आज जवळून बघितली तरच दिसत होती. मंडळ येईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्यालाही दिसली असती. एका ठिकाणी तर त्याने आत खोल कापलं होतं, तपकिरीपर्यंत. रुपयाएवढं भोक. तिने मान वळवली आणि चालू लागली. बोलायचं नाही, असं तिने गल्लीच्या टोकापर्यंत ठरवलं. पाणपोईपर्यंत ठरवलं. बसच्या थांब्यावर पोचेपर्यंत ठरवलं. तो भराभरा चालत होता. त्याला लवकर परत जायचं होतं.

थांब्यावर दोघं शेजारी उभी राहिली. बस दुरून दिसू लागली.

"कात्रीने टोकं तांबडी पडतात," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "नखाने खुडायचं. अर्धंच."

"कशाबद्दल बोलतेयस?"

"काही नाही."

बस आली, थांबली, माणसं उतरू लागली. तो पिशवी हातात धरून तसाच उभा. वाहकाने आतून चला चला केलं. ती पायरीवर चढली आणि जागा मिळाली तशी खिडकीशी बसली. तेव्हा त्याला पिशवीची आठवण झाली. तो खिडकीखाली आला, पिशवी वर केली, तिने घेतली. त्याने हात काढला नाही. पिशवीचा बंद धरून राहिला.

"तू कधी खुडायचीस?" तो म्हणाला.

"तुम्ही आंघोळीला गेलात की."

तो हिशेब करत होता. वजाबाकी करणारा माणूस. ओठ जरासे हलत होते. सगळ्या आंघोळी तो एकापाठोपाठ एक आठवत असावा, बादलीचा आवाज, टॉवेल, बाहेर येऊन पायरीवर बसून पहिल्यांदा झाडांकडे बघणं.

"रोज?"

"रोज."

त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ती शिवी ऐकायला तयार होती, रडणं ऐकायलाही. इंजिन सुरू झालं. त्याने बंद सोडला आणि खिडकीबरोबर दोन पावलं चालला.

"आणि रस्त्याकडची बाजू?" त्याने विचारलं. "ती कशी करायचीस?"

"कपडे वाळत घालताना," ती म्हणाली. "टॉवेलाखाली."

बस वळली. तो मागे उभा होता की निघाला होता ते तिला दिसलं नाही. पुढचा थांबा आला, गेला. तिसऱ्या झाडाची भिंतीकडची बाजू राहिली सांगायची, तिच्या लक्षात आलं; तिथे सगळ्यात जास्त जोर धरतं आणि वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. मंडळ वाकून बघणारच. तिने पिशवीतून फोन काढला, त्याचा नंबर लावला आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत तोडला. फोन तिने कपड्यांच्या तळाशी, पार खाली घालून ठेवला, आणि खिडकीची काच सरकवायला लागली. काच अडकली होती. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.